लांबचा पॉट नेहमी उजव्या जबड्यावरच का आपटतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय बेचाळीस, राहायला इंदूरचं सुदामानगर, विजयनगरच्या एका पार्लरमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी मित्रांबरोबर स्नूकर. तीन वर्षं झाली. जवळचे लाल बॉल जातात, वीस-पंचवीसचा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग तेवढे गुण, अधूनमधून होतो, पण टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला पॉट करायची, म्हणजे बॉल पॉकेटात घालायची, वेळ आली की बॉल पॉकेटच्या उजव्या जबड्यावर, म्हणजे तोंडाच्या उजव्या कडेवर, आपटून बाहेर येतो. व्हिडिओ पाहून स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ढब, तीनदा बदललात, ग्रिप बदललीत, कोपर आत घेऊन पाहिलंत, आणि आता जवळचेही जाईनासे झालेत. मित्र म्हणतात क्यू, म्हणजे खेळायची काठी, बदल. तुम्ही विचारताय की हात सरळ कसा करू आणि चांगला क्यू घ्यावा का. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की वर्षभरापासून प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) लागलाय.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तिच्याकडे येतोच, पण आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. हात वाकडा जातो, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? बॉल उजवीकडे गेला, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. तो दोन कारणांनी जातो. एक तर क्यू अगदी सरळ गेला, पण धरलेली रेषच चुकीची होती. किंवा रेष बरोबर होती आणि क्यू तिच्यावरून घसरला. पॉकेटकडे पाहून दोन्ही सारखंच दिसतं, आणि उपाय मात्र एकमेकांच्या उलटे. पार्लरमध्ये जो तो दुसरंच कारण धरून चालतो, कारण हात डोळ्यांना दिसतो आणि रेष दिसत नाही.

इथे क्लबमध्ये बरीच वर्षं शिकवताना मला सगळ्यात जास्त भेटलेला प्रकार तिसराच आहे. माणूस चुकीच्या जागी उभा राहतो, वाकल्यावर त्याला रेष पटत नाही, आणि मारता मारता हात ती आपोआप दुरुस्त करायला जातो. म्हणजे हात वाकडा गेला खरा, पण पायांची चूक निस्तरायला. अशा हाताला सरळ करत बसणं म्हणजे दार चौकटीला घासतंय म्हणून कडा तासायची आणि सैल झालेल्या बिजागरीकडे बघायचंही नाही.

थोडा हिशेब सांगतो, म्हणजे लांबच्या पॉटचं हे प्रकरण किती नाजूक आहे ते कळेल आणि उगाच स्वतःवर चिडणं थांबेल. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा. पांढरा बॉल समोरच्या बॉलला जिथे लागायला हवा तिथून एक मिलिमीटर बाजूला लागला, तर समोरचा बॉल एक अंशाहून जरा जास्त भरकटतो. निळा त्याच्या स्पॉटवर, म्हणजे टेबलाच्या मधोमध ठरलेल्या खुणेवर, असेल तर काळ्याच्या टोकाचं कोपऱ्यातलं पॉकेट तिथून जवळजवळ दोन मीटर लांब. तेवढ्या अंतरात त्याचे होतात अडतीस मिलिमीटर. पॉकेटचं तोंड सुमारे साडेतीन इंच, त्यातून बॉलची रुंदी वजा केली की दोन्ही बाजूंना मिळून तुमच्या हातात जेमतेम छत्तीस मिलिमीटर उरतात, एका बाजूला अठरा. म्हणजे पांढऱ्याची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच ठेवावी लागते. तीच एक मिलिमीटरची चूक पॉकेटपासून फूटभर अंतरावरच्या लालवर झाली, तर तिथे पोचेपर्यंत फरक पडतो सहा मिलिमीटरचा, आणि लाल निमूट आत जातो. तेव्हा तुमची खोड नवीन नाही आणि ती फक्त लांबच्या शॉटचीही नाही. जवळचे लाल तिला तीन वर्षं झाकून ठेवत होते, इतकंच.

आता शोध. यासाठी मित्र यायच्या आधी अर्धा तास एकट्याने टेबल घ्या. दुपारी बहुतेक टेबलं रिकामी असतात, मार्करला, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्याला, सांगितलंत तर तोही मदत करेल.

पहिल्यांदा टेबलच तपासा. एक बॉल अगदी हळू, लांबीच्या दिशेने सोडा आणि शेवटच्या फुटात तो कुठे झुकतो ते बघा. दोन-तीन ठिकाणांहून करा. टेबल एका अंगाला उतरतं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ, दुसरं टेबल घ्या. पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉल जड धावतो, तेही लक्षात असू द्या.

मग पांढरा तपकिरीच्या स्पॉटवर ठेवा, बाकी टेबल रिकामं. निळा, गुलाबी, काळा या तिन्हींच्या स्पॉटवरून त्याला समोरच्या कुशनवर मारा आणि त्याच वाटेने परत आणा. हा फार जुना सराव आहे. ऐंशीच्या दशकात सहा वेळा जगज्जेता झालेल्या स्टीव्ह डेव्हिसचा मूळ पायाच असल्या सरळ रेषेच्या सरावावर पक्का झाला होता. पण लोक यात फक्त एवढंच बघतात की बॉल टिपेवर, म्हणजे क्यूच्या टोकावर, परत आला की नाही. तुम्ही जाताना आणि येताना वेगवेगळं बघा. जातानाच तो काळ्याच्या स्पॉटच्या बाजूने गेला, तर तुमची रेष चुकली किंवा क्यू आडवा गेला. जाताना तिन्ही स्पॉटवरून अचूक गेला आणि कुशनवरून निघाल्यावर डावीकडे किंवा उजवीकडे फुटला, तर तुम्ही नकळत साइड, म्हणजे बॉलला बाजूची फिरकी, देताय. डावीकडे आला तर डावा साइड, उजवीकडे आला तर उजवा. फार हळू मारू नका. कापडाची लव बॉककडून, म्हणजे तपकिरीच्या टोकाकडून, काळ्याकडे गेलेली असते आणि परत येणारा बॉल लवेच्या विरुद्ध चालतो. तो मंद झाला की आपल्या मर्जीने भटकतो आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता.

यानंतर निळा त्याच्या स्पॉटवर आणि पांढरा त्याच्या मागे दोनेक फुटांवर, निळा व कोपऱ्यातलं पॉकेट यांच्याशी अगदी एका रेषेत. स्टन मारा, म्हणजे पांढरा धडकून जागीच थांबेल असा. फटका झाल्यावर निळ्याकडे बघायचा मोह टाळा, पांढऱ्यावर नजर ठेवा. निळा उजवीकडे गेला आणि पांढरा न फिरता किंचित डावीकडे सरकला, तर धडक पूर्ण बसली नाही, दोष रेषेचा. पांढरा जागच्या जागी गरगर फिरत राहिला, तर टिप मध्यावर लागली नाही, दोष फटक्याचा. आता हेच दुसऱ्या कोपऱ्यातल्या पॉकेटवर करा. हे बहुतेक जण विसरतात. दोन्ही पॉकेटला बॉल तुमच्या उजव्या हाताकडेच जात असेल तर खोड तुमच्या अंगातली आहे. एका पॉकेटला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे जात असेल, तर मला तुमच्या डोळ्यांचा किंवा टेबलाचा संशय येईल, हाताचा येणार नाही.

फटका झाल्यावर टिप कुठे थांबली तेही दर वेळी पाहायची सवय लावा. बॉल जाईपर्यंत हलू नका. टिप पांढऱ्याच्या जागेपासून चार-सहा इंच पुढे, त्याच रेषेवर असायला हवी. ती डावीकडे आडवी पडलेली दिसली, तर मोबाइलवर व्हिडिओ काढायचीही गरज नाही.

माझा अंदाज सांगू? दूर बसून सांगतोय, चुकीचा ठरू शकतो. तपकिरीवरच्या चाचणीत पांढरा जातानाच डावीकडे झुकेल, म्हणजे दुसऱ्या चाचणीत निळ्याला डाव्या अंगाला लागेल आणि निळा उजवीकडे जाईल. आणि मूळ सापडेल ते तुमच्या उभं राहण्यात.

पॉट उभ्याने ठरतो, वाकून फक्त पार पाडायचा असतो. शॉटच्या मागे, टेबलापासून एखाद पाऊल दूर उभे राहा. आधी पॉकेट ते बॉल ही रेष बघा, मग पांढरा बॉलला कुठे लागायला हवा ती जागा, आणि मग पांढऱ्यापासून त्या जागेपर्यंतची रेष. या शेवटच्या रेषेवर तुमचा उजवा पाय पडायला हवा. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितोय, डावरे असाल तर उलटं समजा. मग डावा पाय पुढे, आणि कमरेतून सरळ खाली, हनुवटी त्या रेषेवरच उतरेल असं. बाजूने वळून किंवा आधी क्यू टेबलावर ठेवून मग डोकं नेऊन ठेवायचं नाही. पार्लरमध्ये दहातले आठ जण क्यू आधी टेकवतात आणि नंतर स्वतः त्याच्यामागे जागा शोधतात.

आणि सगळ्यात कठीण गोष्ट. खाली गेल्यावर रेष चुकीची वाटली, तर डाव्या हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला दिलेला आधार, अर्धा इंच सरकवून भागवायचं नाही. उठायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. ब्रिज सरकवला की क्यूची दिशा बदलते, पण पाय, कंबर, छाती जुन्या दिशेलाच असतात. मग क्यूची वाट कमरेवरून किंवा छातीवरून अडते, हाताला वळसा घालावा लागतो, कोपर बाहेर पडतं, आणि तुम्ही व्हिडिओ पाहून कोपर दुरुस्त करायला लागता. मित्र हसतील, ‘अरे भिया, मार की!’ म्हणतील. हसू द्या. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या यशवंत क्लबमध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली, पंकज अडवाणीने स्नूकरचं विजेतेपद नेलं. तसे सामने बघायला मिळाले तर बघा, एवढे मोठे खेळाडूसुद्धा खाली जाऊन, न पटल्यामुळे पुन्हा उठतात. इंदूरचीच स्नूकरपटू अमी कमानी खेळताना दिसली तर तिच्या हाताकडे बघू नका, शॉटच्या आधी पाय कसे पडतात तेवढंच बघा.

पाय किती अंतरावर, गुडघा किती वाकलेला, अंग किती तिरकं, याचं एकच उत्तर नाही. उंची, खांदे, पाठीची तक्रार, या सगळ्यावर ते ठरतं. आणि पोटावरही. पोहे-जिलेबीवर सकाळ आणि सराफ्यात रात्र काढणाऱ्या गावात चाळिशीनंतर क्यूच्या वाटेत काय येतं ते मी सांगायला नको. पोट आडवं येत असेल तर अंग थोडं जास्त तिरकं ठेवा, डावा पाय आणखी डावीकडे टाका. व्हिडिओतल्या बावीस वर्षांच्या सडपातळ पोराचा स्टान्स उतरवून घेऊ नका. तुम्ही तो तीनदा बदललात आणि प्रत्येक वेळी बिघडलात, यात मला नवल वाटत नाही. कोणी बाजूने हलकासा धक्का दिला तरी डगमगत नाही आणि उजवा पाय रेषेवर आहे, एवढ्या दोन गोष्टी साधल्या की बाकी आपल्या अंगाला सोसेल तसं.

आता चष्मा. लांबच्या पॉटची तक्रार आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा, दोन्हींचा काळ जवळपास एक आहे का, ते तुमचं तुम्ही आठवून पाहा. हनुवटी क्यूवर टेकवली की डोळे वर वळतात आणि आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघतो, कधी फ्रेमच्याही वरून. प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या मध्यभागी लांबचं स्वच्छ दिसतं, पण कडेच्या पट्ट्यांत प्रतिमा ताणलेली असते. मान जराशी वळलेली असली तर एक डोळा स्वच्छ भागातून आणि दुसरा कडेतून बघतो. नंबर जास्त असेल, सिलिंडर असेल, तर रेष सरकलेली दिसू शकते. आणि आपल्याला लागतोय अर्धा मिलिमीटर! डेनिस टेलरचे ते उलटे लावल्यासारखे दिसणारे मोठे चष्मे लोकांना गमतीचे वाटायचे, पण काच वर चढवून वाकल्यावरही मध्यातून बघता यावं यासाठीच ते होते. १९८५ ची जागतिक अंतिम लढत त्याने त्याच चष्म्यातून, शेवटच्या फ्रेमच्या, म्हणजे डावाच्या, शेवटच्या काळ्यावर, स्टीव्ह डेव्हिसकडून १८-१७ अशी जिंकली. तुम्ही एवढं करा: फक्त लांबच्या नंबरचा साधा, उंच काचेचा एक चष्मा खेळण्यापुरता करून घ्या, आणि चष्मेवाल्याला वाकून दाखवा की तुम्ही कुठून बघता. नव्या क्यूआधी मी पैसे इथे घालेन.

डोळ्यांचंच आणखी एक. क्यू हनुवटीच्या बरोबर मधोमध असावा असं सगळे सांगतात, पण ते सगळ्यांना लागू नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या विजेच्या दिव्याकडे बोट रोखा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट दिव्यावरच राहतं तो तुमचा निशाण्याचा डोळा. तो फार जोरकस असेल तर क्यू थोडा त्या बाजूला सरकवून पाहा. जुन्या काळचा जगज्जेता जो (Joe) डेव्हिस घ्या: त्याचा उजवा डोळा अधू होता, क्यू त्याच्या डाव्या डोळ्याखालून चालायचा, आणि त्याने पंधरा जागतिक विजेतेपदं घेतली. मधोमध की बाजूला, हा निकाल तपकिरीच्या स्पॉटवरचा सराव देईल, मी देणार नाही.

म्हणजे क्रम असा: टेबल, मग दोन चाचण्या, मग पाय, मग डोळे. यातून दोष सुटला नाही आणि पांढरा तरीही गरगर फिरतोच आहे असं दिसलं, तरच हाताला हात लावा.

हातात मी फक्त दोन गोष्टी बघेन. ग्रिप आणि मागचा थांबा. टिप पांढऱ्याजवळ असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ खाली लोंबायला हवा. मूठ सैल, अंगठा आणि तर्जनीने क्यू धरलेला, बाकी बोटं मागे नेताना सुटतात आणि फटक्याच्या वेळी आपोआप मिटतात. लांबचा शॉट आला की मूठ घट्ट होते. जोर लागणार या भीतीने होते, आणि घट्ट मुठीत मनगट पिळलं की टिप मधून सरकलीच. क्यू मागे हळू न्या, क्षणभर थांबा, त्या क्षणात नजर पांढऱ्यावरून उचलून समोरच्या बॉलवर न्या आणि मग सोडा. नजर पांढऱ्यावरच राहिली तर डोकं बघायला वर येतं. थांबा किती असावा, हे ज्याच्या त्याच्या तालावर आहे. काहींचा डोळ्यांना दिसतही नाही, तरी असतो.

घरी टेबल नसलं तरी याचा सराव होतो. जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवा, ती घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुस्तकं, आणि क्यूची टिप तिच्या तोंडाला न लागता आत-बाहेर करा. दहा मिनिटं पुरे. घरचे हसतील, तेही चालू द्या.

आठवड्यातून दोनच संध्याकाळी असतील तर दोन्ही वेळा पहिली वीस मिनिटं एकट्याची ठेवा. महिनाभर एकच बदल: उजवा पाय रेषेवर आणि न पटल्यास उठणं. मित्रांबरोबर खेळताना हे काहीही आठवायचं नाही, तिथे बॉल बघायचा. सुरुवातीला ब्रेक कमी होतील. तुम्ही मागे दर वेळी इथेच सोडून दिलंत आणि नवा व्हिडिओ शोधलात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

राहिला क्यू. घ्या, पण महाग असल्यामुळे पॉट जातील म्हणून नको. पार्लरच्या स्टँडवरचा क्यू दर वेळी वेगळा येतो, वेगळ्या वजनाचा, वेगळ्या टिपेचा, आणि त्यावर कसलीही चाचणी टिकत नाही. आपला, रोजचा, एकच क्यू हवा, एवढ्यासाठी. सत्तावन्न-अठ्ठावन्न इंच लांब, सतरा ते एकोणीस औंस, टिप साडेनऊ ते दहा मिलिमीटर, अ‍ॅश लाकडाचा. अ‍ॅशच्या पृष्ठभागावर बाणासारखी नक्षी दिसते, ती दर वेळी वर ठेवून धरलात की क्यू हातात एकाच बाजूने बसतो. दुकानात टेबलावर लोळवून बघा, पण डोळ्यासमोर धरून लांबीतही बघा. टिप घुमटासारखी गोल हवी, कडेने पसरलेली नको. नवी टिप बसायला काही दिवस लागतात, तेवढ्यात निकाल लावू नका. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका, वाकलेल्या क्यूवर कुठल्याच कोचकडे उपाय नाही. पहिल्या क्यूवर पगार उडवण्याचीही गरज नाही.

परत लिहाल तेव्हा तीन गोष्टी नक्की कळवा: तपकिरीवरून मारलेला पांढरा जाताना झुकला की येताना, आणि कुठल्या बाजूला, दोन्ही कोपऱ्यांत निळा एकाच हाताकडे जातो का, आणि चष्मा काढून, लांबचं अंधुक दिसत असलं तरी, हीच चाचणी केल्यावर काय फरक पडतो. व्हिडिओ टाकणार असाल तर मोबाइल समोरच्या कुशनवर, टिपेच्या उंचीवर ठेवा, आणि खाली वाकायच्या आधीपासून सुरू करा. बहुतेक जण वाकल्यानंतरचाच भाग पाठवतात.